कोव्हेंट्रीत घर घेतोय, पण शहापूरच्या घरावर माझं नाव आहे. काय करू?

शहापूरची_लेक | ७ जून २०२५

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथले धागे वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मूळची बेळगावातल्या शहापूरची. २०१९ला नर्स म्हणून इंग्लंडला आले, सध्या कोव्हेंट्रीत आहे. मिस्टर निपाणीचे, इथे एका गोदामात शिफ्ट मॅनेजर. गेल्या वर्षी इथे कायम राहायची परवानगी मिळाली आणि जानेवारीपासून घरं बघायला लागलो. एकोणीस घरं बघितली. दोन ठिकाणी आमची ऑफर मान्य होऊनसुद्धा घर गेलं, कारण दुसऱ्याने जास्त सांगितलं आणि मालकाने शब्द फिरवला. आपल्याकडे इसार दिला की माणूस सहसा मागे फिरत नाही. इथे करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, हे मला पचायला फार जड गेलं. दुसरं घर गेलं त्या रात्री मी ड्यूटीवरून येऊन जिन्यात बसून रडले.

आता एक घर जमतंय. १९३०च्या दशकातलं, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेलं, तीन खोल्या, मागे थोडी बाग. ३,२०,००० पौंडांना ठरलंय. वकिलाने फॉर्म पाठवला आणि त्यातल्या एका प्रश्नावर मी अडकले: तुम्ही यापूर्वी जगात कुठेही घर किंवा घराचा हिस्सा घेतला आहे का, अथवा वारशाने मिळाला आहे का?

बाबा मे २०२१मध्ये गेले. त्या दिवसांत मला येताही आलं नाही. नंतर आई, दादा आणि मी असा तिघांचा वारसा लागला, सीटीएस (शहर भूमापन) उताऱ्यावर तिघांची नावं आहेत. घर बाबांनी १९८८ला उद्यमबागच्या कारखान्यातल्या पगारातून घेतलेलं, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पुढे एक दुकानगाळा, मागे आई आणि दादाचं कुटुंब राहतं. गल्लीतले लोक दीड कोट सांगतात.

इथल्या एका ओळखीच्याने सांगितलं, "नाही लिहून टाका, बेळगावातलं कोण बघतंय?" आणि दादाला हे सगळं सांगितल्यावर त्याने चार दिवसांत हक्कसोड पत्राचा मसुदा पाठवला. म्हणाला, "तू सोडलंस की तुझा तिकडचा टॅक्स वाचेल, आणि इकडचंही मोकळं होईल." मसुदा कानडीत आहे. मी मराठी शाळेत शिकले. बसची पाटी वाचता येते, दस्तातलं कानडी कळत नाही.

टॅक्स खरंच किती लागतो? आणि सही करावी का?

मिडलँड्सवासी | ७ जून २०२५

आधी एक गोष्ट: "नाही" लिहू नका. स्टॅम्प ड्यूटी म्हणजे इथला घरखरेदीचा कर. त्याचा फॉर्म म्हणजे तुमचं स्वतःचं निवेदन असतं. वकील तो भरतो, पण जबाबदारी तुमची. पुढे कधी बेळगावचा हिस्सा विकून पैसे इकडे आणाल तेव्हा ते कुठून आले हे सांगावंच लागेल.

आता आकडे. १ एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी ३,२०,००० पौंडांच्या घराला तीन वेगवेगळे कर पडू शकतात.

दोघंही पहिल्यांदाच घर घेणारे असाल तर ३,००,०००पर्यंत शून्य आणि वरच्या २०,०००वर ५ टक्के, म्हणजे १,००० पौंड.

ती सवलत नसेल पण जास्तीचा करही लागू नसेल, तर पहिले १,२५,००० शून्य, पुढचे १,२५,००० दोन टक्क्यांनी २,५०० आणि उरलेले ७०,००० पाच टक्क्यांनी ३,५००. एकूण ६,०००.

आणि तुमच्याकडे दुसऱ्या घराचा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा हिस्सा असेल, मग तो जगात कुठेही असो, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के. १६,००० वाढले, एकूण २२,०००.

पहिली सवलत तुमची गेली, हे मान्य करून पुढे चला. नियमात "कधीही मिळालेलं नाही" असं आहे आणि त्यात वारसा धरतात. आज हक्कसोड केलं तरी ती परत येत नाही, कारण मिळालं होतं हे पुसता येत नाही. हक्कसोडाने फक्त ते १६,००० वाचू शकतात.

वारशाने मिळालेला ५० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा पहिली तीन वर्षं मोजत नाहीत. तुमची तीन वर्षं मे २०२४ला संपली. एका वर्षाने हुकलंय ताई, वाचून मलाच वाईट वाटलं.

खानापूर_पोर | ७ जून २०२५

मग घर मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर घ्या की. त्यांच्या नावावर कुठे काही नाही ना?

मिडलँड्सवासी | ८ जून २०२५

नवरा-बायको एकत्र राहत असतील तर जास्तीच्या करासाठी दोघांना एकच धरतात. बायकोचा हिस्सा ४०,०००च्या वर असेल तर नवऱ्याने एकट्याने घेतलं तरी तो लागतोच.

अनगोळची_ताई | ८ जून २०२५

मी टॅक्समधलं काही सांगू शकत नाही, पण हक्कसोडाचं सांगते.

२००९ला मी सही केली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ म्हणाला, फक्त कर्जासाठी बँकेला एकाच्या नावावर पाहिजे, तुझं माहेर कुठे जातंय? सही करताना कुणी वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. माहेरी विचारायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं ना. पाच वर्षांनी भावाने घर विकलं, आई भाड्याच्या खोलीत गेली आणि मला बोलायला तोंडच उरलं नाही. भाऊ वाईट नाही. धंद्यात अडकला होता. पण माझं नाव असतं तर विक्रीच्या कागदावर माझी सही लागली असती आणि आईसाठी एक खोली तरी मी मागून घेतली असती.

तुमची आई त्या घरात राहते. त्यांना विचारलंत का?

जुना_दस्तलेखक | ८ जून २०२५

पोरी, मी चाळीस वर्षं बेळगावात दस्त लिहिले. आता डोळ्यांमुळे बंद केलंय. तुझं प्रकरण कागदावर सोपं आहे.

घर वडिलांच्या कमाईचं, मृत्युपत्र नाही. म्हणजे १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी तिघं सारखे वारस. तुझा तिसरा हिस्सा. लोक २००५ची दुरुस्ती म्हणत बसतात, ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी. तुझ्या घराला तिची गरजच नाही. हा हिस्सा तुला कुणी मेहेरबानीने दिलेला नाही.

हक्कसोड एकदा नोंदलं की मागे घेता येत नाही. फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. आणि मसुदा नीट बघ. आमच्याकडे साचे ठरलेले असत. "सदर मिळकत" याच्या पुढे "व मयताच्या इतर सर्व स्थावर मिळकती" एवढे शब्द घालायची पद्धत होती, पुन्हा दस्त नको म्हणून. लिहिणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण तुमची शेती वगैरे आहे का कुठे?

शहापूरची_लेक | ८ जून २०२५

काका, येळ्ळूरला वीस गुंठे आहे, बाबांच्याच नावावरचं. त्याचा वारसा अजून लागलेला नाही. मसुद्यात काय आहे ते मला खरंच माहीत नाही.

ताई, आईला विचारलं नाही. आईसमोर हा विषय काढायची हिंमत होत नाही.

नेकारकाठचा | ८ जून २०२५

मी खानापूर तालुक्यातला, श्टुटगार्टजवळ राहतो. देश वेगळा, पण तुमचा मसुद्याचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

२०२२ला आम्ही इथे फ्लॅट घेतला. जर्मनीत घराचा करार नोटरीसमोरच होतो. नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नव्हे, तो कायद्याचा मोठा अधिकारी असतो आणि दोन्ही बाजूंचा त्रयस्थ. त्याने करार पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा, असा कायदाच आहे. माझं जर्मन कामापुरतं, बायकोचं त्याहून कमी. नोटरीने चार प्रश्न विचारले आणि सरळ सांगितलं, दुभाषी आणा, नाहीतर मी पुढे जाणार नाही. आम्ही दुभाषी आणली. दीड तास वाचन चाललं. प्रत्येक कलमाला ती थांबायची, आम्हाला इंग्रजीत सांगायची, आम्ही मान हलवली की पुढे. खर्च झाला. पण सही करताना मी कशावर सही करतोय हे मला माहीत होतं.

त्या दिवशी मला आजोबा आठवले. आमच्या गावातली किती माणसं कळत नसलेल्या कागदावर अंगठे देऊन आली! १९५६च्या आधी मुंबई राज्यात असतानाचे आमच्या घरचे कागद मराठीत आहेत, काही तर मोडीत. नंतरचे सगळे कानडीत. एकाच शेताचा इतिहास वाचायला तीन माणसं लागतात. परक्या देशात माझ्यासाठी कायदा थांबला, मग स्वतःच्या घराच्या कागदासाठी तुम्ही का थांबू नये? मसुदा ओळ-ओळ वाचून घ्या, मगच बाकीचं.

(खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये खरेदी कर ५ टक्के, बायर्नमध्ये साडेतीन, नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालियात साडेसहा. नोटरी आणि नोंदणीचे दीड-दोन टक्के वेगळे, एजंट असेल तर तोही वेगळा. हे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही, खिशातून काढावे लागतात.)

निपाणीकर | ९ जून २०२५

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी तो घरी राहिलेला भाऊ आहे. बहीण ऑस्ट्रेलियात. आईची डायलिसिस आठवड्यातून दोनदा, घराचं छप्पर, पाण्याचं बिल, घरफाळा, लाईट, भाडेकरूशी भांडण, सगळं माझ्यावर. बँकेत कर्ज मागायला गेलो तर म्हणतात सगळ्या मालकांच्या सह्या आणा. बहिणीची एक सही यायला तीन महिने लागले. तुमच्या दादाला "मोकळं करून टाक" असं वाटत असेल तर ते लोभानेच असेल असं नाही.

पण लिहून देतो, मला बहिणीकडून फुकट नको आहे. त्याने एकदा तरी तुम्हाला "तुझ्या हिश्शाचं काय देऊ" असं विचारलंय का? तुम्ही तरी त्याला "तुला नेमकी अडचण काय आहे" असं विचारलंय का?

मिडलँड्सवासी | ९ जून २०२५

निपाणीकरांचं बरोबर आहे, आणि मला वाटतं इथे साधं गणित कुणी मांडलंच नाही. दीड कोटीचा तिसरा हिस्सा ५० लाख. पौंड ११६ रुपये धरला तर वाचणारे १६,००० पौंड म्हणजे साडेअठरा लाख. म्हणजे साडेअठरा लाख वाचवायला पन्नास लाख सोडायचे! दादाला प्रेमापोटी द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. पण "टॅक्स वाचतोय म्हणून" हे कारण टिकत नाही.

आणखी एक. भावाला फुकट दिलं तरी इथल्या नियमाने बाजारभावाला विकल्यासारखं धरतात. बाबा गेले तेव्हाच्या किमतीपेक्षा आजची जेवढी जास्त, तेवढ्या नफ्यावर तुम्हाला इथे कर लागू शकतो. हातात एक पैसा न येता.

हिंदवाडी_सीए | ९ जून २०२५

दादाने हिस्सा विकत घेतला तर काय होईल ते सांगतो, कारण पुढे हा प्रश्न येणारच.

तुम्ही अनिवासी आहात. त्यामुळे विकत घेणाऱ्या दादाला टीडीएस कापावा लागेल, तोही नफ्यावर नाही तर पूर्ण रकमेवर. आधी अर्ज करून कमी कपातीचा दाखला मिळवला तर पैसे अडकत नाहीत. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर इथला कर सध्या साडेबारा टक्के, वर अधिभार. जुन्या मिळकतीला महागाईची वजावट घेऊन वीस टक्क्यांनी भरायचा पर्याय निवासी लोकांना आहे, तुम्हाला नाही. आणि हे पैसे कोव्हेंट्रीच्या घरात घातले तर घरावरची सूट मिळणार नाही. ती आता भारतातल्याच घराला मिळते.

पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) येतील, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. त्यासाठी प्राप्तिकराचा फॉर्म आणि सीएचा दाखला लागेल. दोन्ही देशांत कर लागला तर एकाची वजावट दुसऱ्यात मिळते, पण कागद नीट ठेवा.

आणि महत्त्वाचं: गल्लीतले लोक सांगतात ती किंमत नव्हे. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून लेखी अहवाल घ्या. इंग्लंडच्या नियमात तुमच्या हिश्शाची किंमत बघतात, घराची नाही. शहापूरची जुनी घरं तोंडाला अरुंद, आत खोल, वर गाळ्यात भाडेकरू. ४०,००० पौंड म्हणजे साधारण ४६ लाख. तुम्ही अगदी काठावर आहात.

शहापूरची_लेक | १० जून २०२५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. हिश्शाची किंमत वेगळी बघतात हे आमच्या वकिलाने सांगितलं नव्हतं. ते म्हणतात, आम्ही या करावर सल्ला देत नाही, कर सल्लागाराकडे जा. तसा एक शोधलाय.

मसुदा हॉस्पिटलमधल्या धारवाडच्या एका मैत्रिणीने फोनवर वाचून दाखवला. काका, तुम्ही म्हणालात ते वाक्य आहे त्यात. "इतर सर्व स्थावर मिळकती" अगदी तसंच. आणि "मोबदला रोख मिळाला" असंही आहे. मी अर्धा तास काही बोलू शकले नाही.

जुना_दस्तलेखक | १० जून २०२५

दादावर एकदम तुटून पडू नको. साचा असतो, सांगितलं ना. फोन कर आणि ओळ वाचून दाखव. त्याला माहीत नसेल तर आवाजावरून तुला कळेल.

रेडिंगकर | १२ जून २०२५

घर बघण्याचं थोडं लिहितो. इतर वाचणाऱ्यांना उपयोग होईल, आणि ताईंनाही अजून सर्व्हे करायचा असेल.

बँक करते ते मूल्यांकन बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. १९३०चं घर असेल तर स्वतःचा सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची तपासणी, करा, किमान लेव्हल टू. घर फारच जुनं किंवा वाढवलेलं असेल तर लेव्हल थ्री. आम्ही हे पैसे वाचवायला गेलो आणि पहिल्याच हिवाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली.

घर पावसात बघा, आणि एकदा संध्याकाळी बघा. बेळगावच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला ओलीचा वास लगेच कळतो, त्या नाकावर विश्वास ठेवा. कपाटामागे बघा, खिडकीच्या कडेला काळं आहे का बघा, नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर तिथे थांबा. बॉयलर किती वर्षांचा ते विचारा. माळ्यावर चढून छताच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. लँड रजिस्ट्रीत (मालकीच्या सरकारी नोंदणीत) सात पौंड भरले की मालक कोण, कर्ज कुणाचं, हे घरबसल्या कळतं.

फ्लॅट घेणाऱ्यांनी लीज, म्हणजे भाडेपट्टा, किती वर्षं उरली ते आधी बघावं. ८०च्या खाली गेली की वाढवून घेणं महागात पडतं. सर्व्हिस चार्जची मागची तीन वर्षांची बिलं मागा. आणि नव्या वसाहतीतलं घर मालकीचं असलं तरी रस्ते आणि बागेसाठी दरवर्षी पैसे द्यावे लागतात का, हे लेखी विचारा.

खानापूर_पोर | १२ जून २०२५

लाईफटाईम आयसाचं, म्हणजे त्या सरकारी बोनसवाल्या बचत खात्याचं काय? माझा चुलतभाऊ त्यात भरतोय. त्याच्याही नावावर गावात वाटा आहे.

मिडलँड्सवासी | १२ जून २०२५

तिथेही तोच नियम, पहिल्यांदा घर घेणारा हवा, जगात कुठेही नको. वर्षाला ४,००० पौंड भरा, सरकार २५ टक्के घालतं, घर ४,५०,०००च्या आत. पण नियमात बसला नाही आणि पैसे काढले तर २५ टक्के कापतात. १२,००० भरले असतील तर बोनस धरून १५,००० होतात, कापून ११,२५० हातात. स्वतःचे ७५० गेले. साठीपर्यंत ठेवले तर काही कापत नाहीत. मात्र हा नियम प्रत्येकाचा वेगळा बघतात, बायको बसत नसली तरी नवऱ्याचा आयसा वापरता येतो. चुलतभावाला आजच फोन करा. त्याचा वाटा शेतीचा असेल तर प्रश्न नाही, घराचा असेल तर आहे.

शहापूरची_लेक | १९ जुलै २०२५

उशीर झाला, माफ करा. बरंच घडलंय.

दादाला फोन केला. ओळ वाचून दाखवली. तो गप्प झाला, मग म्हणाला, "मी वाचलंच नव्हतं गं. लिहिणाऱ्याने दिलं, तुला पाठवलं." मला ते खरं वाटलं. मग निपाणीकरांचा प्रश्न विचारला, "तुला नेमकी अडचण काय आहे?" तेव्हा कळलं. गाळ्याचा भाडेकरू सोडून गेलाय, दादाला तिथे स्वतःचं दुकान टाकायचंय, आणि बँक माझ्या सहीशिवाय कर्ज देत नाही. एवढंच! चार वर्षांत आम्ही बाबांबद्दल बोललो, आईच्या गोळ्यांबद्दल बोललो, घराबद्दल एकदाही नाही. तो म्हणाला, "तू तिकडे सुखात आहेस, तुला कशाला त्रास द्यायचा असं वाटायचं."

फक्त त्या कर्जापुरतं मुखत्यारपत्र मी दादाला देणार आहे, विक्रीचा अधिकार त्यात नाही. बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीत सही करणार आहे. बेळगावात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, हे काकांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं.

आईलाही विचारलं. व्हिडिओवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या बापाने तुला शिकवलं तेव्हा दादाचं काही कमी केलं नाही, आणि दादाला दिलं तेव्हा तुझं काढून घेतलं नाही. मी आहे तोवर नावं अशीच राहू देत." तिने तिच्या ठेवीतले आठ लाखही दिले. बँकेने आणि वकिलाने तिच्याकडून पत्र घेतलं, की हे पैसे भेट आहेत, परत मागणार नाही आणि घरात हक्क सांगणार नाही. सोबत सहा महिन्यांची बँकेची नोंद. कानडीतला उतारा अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजीत करून दिला. भाषांतरात बाबांच्या नावापुढे "मयत" याचं इंग्रजी वाचलं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं.

मूल्यांकनाचा अहवाल आला. घराची किंमत एक कोट बत्तीस लाख. माझा हिस्सा ४४ लाख, म्हणजे ३८,००० पौंडांच्या आत. न वाटलेला हिस्सा, आत आई राहते, म्हणून प्रत्यक्ष बाजारात त्याहून कमीच येईल असं कर सल्लागाराचं मत. जास्तीचा कर लागणार नाही असं त्याने लेखी दिलंय, अहवाल जपून ठेवायला सांगितलाय.

खानापूर_पोर | १९ जुलै २०२५

भारी! मग आता तर मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर घेतलं की पहिल्या घराची सवलत मिळेल ना? ६,०००च्या जागी १,०००. पाच हजार पौंड वाचतील!

शहापूरची_लेक | २० जुलै २०२५

सल्लागारानेही हे बोलून दाखवलं. पण माझ्या पगारातून निम्मा हप्ता जाणार असेल आणि घरात माझाही वाटा असेल, तर नुसतं कागदावर नाव न घालून ते सरळ राहत नाही, असंही तो म्हणाला.

खरं सांगू का? मला ते नकोच होतं. दोन महिन्यांत दोन देशांत मला एकच उपाय सुचवला गेला, की तुझं नाव काढ म्हणजे पैसे वाचतील. सुचवणारी सगळी माझ्या भल्याचीच माणसं. मी रात्रपाळ्या करून अनामत जमवली आहे. मिस्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "पाच हजारांसाठी तुझं नाव गाळलं तर निपाणीला आईला काय सांगू?" सासूबाई तंबाखूच्या वखारीत काम करून स्वतःच्या नावावर घर केलेल्या आहेत.

आम्ही ६,००० भरतोय.

अनगोळची_ताई | २० जुलै २०२५

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

शहापूरची_लेक | ३० ऑगस्ट २०२५

परवा चाव्या मिळाल्या. सर्व्हेमध्ये मागच्या वाढीव खोलीचं छप्पर गळतंय असं निघालं होतं. किंमत कमी करून मागण्याऐवजी मालकाकडून करारांच्या अदलाबदलीआधीच दुरुस्त करून घेतलं. रेडिंगकर, तुमचं ऐकून तो सर्व्हे केला नसता तर कळलंच नसतं. ओल कपाटामागेच होती.

अदलाबदल झाली त्या दिवसापर्यंत मला झोप नव्हती. दहा टक्के भरले आणि मग वकिलाचा फोन आला, की आता कुणी मागे फिरू शकत नाही. चौदा दिवसांच्या आत स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म जातोय, त्यात शहापूरचा उल्लेख जसा आहे तसा.

जुना_दस्तलेखक | ३० ऑगस्ट २०२५

शाब्बास पोरी. येळ्ळूरच्या वीस गुंठ्यांचा वारसा लावायचं विसरू नको. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. दादाला मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन जायला सांग.

नेकारकाठचा | ३१ ऑगस्ट २०२५

अभिनंदन. एक विचारतो, तुमच्याकडे मालकीच्या नोंदीवर कुणी काही हालचाल केली तर कळायची सोय आहे का?

शहापूरची_लेक | ३१ ऑगस्ट २०२५

आहे. लँड रजिस्ट्रीची फुकट सेवा आहे, घराच्या नोंदीवर काही अर्ज आला की ईमेल येतो. आमचं घर त्यात घालून ठेवलंय. शहापूरसाठी आईला सांगितलंय, दर दिवाळीला उतारा काढून फोटो पाठव म्हणून.

काका, वारशासाठी दादा सोमवारी जातोय.